घराच्या पोटातले खण

भांडण कुठल्याही भाषेतलं असो, ते कळायला शाळा लागत नाही. साधनाबाईंची शाळा तिसरीतच सुटलेली, आणि जर्मन म्हणाल तर 'गुटेन टाग'च्या पुढे गाडी सरकत नव्हती. तरी मुलाकडे ड्रेस्डेनला येऊन आठवडा होतो न होतो तोच त्यांनी जिन्याच्या खिडकीत उभं राहून एक अख्खं भांडण ऐकलं, आणि बरंचसं त्यांना कळलंही.

खाली अंगणात एक म्हातारी उभी होती. अंगाने काडी, निळा एप्रन, पांढरे केस मानेवर कापलेले. घराखालच्या अंधाऱ्या जागेपुढे ती दोन्ही हात पसरून उभी होती, कोंबडी पिल्लांपुढे उभी राहते तशी. समोर इस्त्रीच्या शर्टातला एक गृहस्थ. त्याने घराखाली बोट दाखवलं आणि हातानेच 'उचला, फेका' असं केलं. म्हातारीने मान हलवली. मग त्याने स्वतःलाच मिठी मारून कुडकुडून दाखवलं. म्हातारीने पुन्हा मान हलवली, त्याच्या बुटांकडे बोट केलं आणि असं काही बोलली, की गृहस्थ कानापर्यंत लाल झाला आणि गाडीत बसून निघून गेला.

"आई, दुसऱ्यांची भांडणं ऐकू नयेत," विनय म्हणाला.

"मी कुठं ऐकली? मी पाहिली."

नात उर्जा मात्र पायरीवर बसून सगळं ऐकत होती. तिला मराठी कळायचं सगळं, पण तोंडातून निघायचं ते अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं. तिला आजीने स्वयंपाकघरात गाठलं.

"काय गं म्हणत होता तो?"

"तो हेर ब्रान्डेस. घर त्याचं आहे. तो म्हणतो, खाली जे आल्ट आहे ना, जुनं, ते काढणार. तिथे गराज करणार. आणि फ्राऊ राइनेल्ट म्हणते, नाइन, नाही."

"आणि बुटांचं काय म्हणाली?"

उर्जा हसली. "म्हणाली, तुझे बूट एवढे श्योन, एवढे सुंदर आहेत, कारण तू कधी घराखाली आलाच नाहीस."

साधनाबाईंना ती म्हातारी तेव्हाच आवडली.

आता ते घर कसलं, ते सांगायला हवं, कारण तसं घर त्या अख्ख्या मुलखात दुसरं नव्हतं. एल्बे नदीच्या चढावर बाकीची घरं होती ती दगडी, जाड भिंतींची, थंडीत अंग चोरून बसलेली. आणि मधेच हे एक लाकडी, माणसाच्या उंचीच्या दगडी खांबांवर उभं. तिन्ही बाजूंनी रुंद व्हरांडा. खिडक्यांना आडव्या पट्ट्यांच्या झडपा. छत एवढं उंच, की सून वीणा म्हणायची, "आई, आपण खाली राहतो आणि आपलं हीटिंग वर राहतं." छपराखाली तर चक्क भोकं ठेवलेली, गरम हवा बाहेर जायला! ती भोकं आजवरच्या प्रत्येक भाडेकरूने आपापल्या परीने बुजवली होती. कुणी वर्तमानपत्रं कोंबली, कुणी जुने स्वेटर. विनयने थर्माकोल लावला. घर बांधलेलं उन्हाळ्यासाठी, आणि गावातला उन्हाळा म्हणजे एखादा पाहुणा, येतो म्हणून कळवतो आणि उंबऱ्यावरूनच परत जातो.

हे घर बांधलं होतं हेर ब्रान्डेसच्या आजोबांच्या भावाने. गडी तरुणपणी गेला त्रिनिदादला. वेस्ट इंडीज म्हटलं की आपल्याला क्रिकेट आठवतं. त्याला कोको आठवायचा. तिथे त्याचे कोकोचे मळे होते आणि मळ्यात खांबांवरचा मोठा बंगला. पहिल्या महायुद्धाच्या आधी तो सगळं विकून मायदेशी आला, पण डोक्यातून तो बंगला काही विकला गेला नाही. त्याने इथे जसाच्या तसा पुन्हा बांधला. गवंडी म्हणाले असतील, अहो, इथे बर्फ पडतं. पण परदेशात राहून आलेला माणूस कुणाचं ऐकतो? गावाने घराला नाव ठेवलं, काकाओहाउस, म्हणजे कोकोचं घर.

आणि घराखाली ते खण. आपल्या कपाटाला असतात ना, तसेच, फक्त एकेक खण खोलीएवढा. लाकडी, उथळ, खाली लोखंडी चाकं, आणि चाकांखाली अंगणात लांबवर गेलेले रूळ. एकाच्या पोटात दुसरा बसेल असे चार, वरखाली. त्रिनिदादला कोकोच्या बिया यातच वाळत. ऊन असलं की खण बाहेर ओढायचे, ढग आला की घराच्या पोटात ढकलायचे. इथे कोको कुठला? पण म्हाताऱ्याला खणांशिवाय घर पुरं वाटेना. मग त्यात सफरचंदं वाळवली, नासपती वाळवली, लिंडेनची फुलं वाळवली.

फ्राऊ राइनेल्टचा जन्म याच घरात, स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत. आई म्हाताऱ्याकडे स्वयंपाकाला. एवढीशी पोर खणात बसायची आणि म्हातारा वरून काठी आपटून ओरडायचा, "ढग!" की बाकीच्यांनी खण ढकलायचा, पोरीसकट. तिला वाटायचं आगगाडी. पुढे लढाई लागली, बाप गेला तो आलाच नाही. ड्रेस्डेन जळालं त्या हिवाळ्यात खालून शहरातली माणसं चढ चढून वर आली, आणि आईने खणांत पेंढा पसरून त्यांना निजवलं. एकेका खणात चार-चार कुटुंबं. हे सांगताना फ्राऊ राइनेल्ट नेहमी एवढंच म्हणायची, "घराने तेव्हा माणसं कोरडी ठेवली." आणि विषय बदलायची.

नंतर सरकारने घराच्या खोल्या वाटल्या, भाडेकरू आले गेले. ती मोठी झाली आणि ट्राम चालवायला लागली. रुळांची गोडी लहानपणीच लागलेली. जन्मभर तिने ट्राम चालवली, आणि घरी आली की खणांच्या चाकांना तेल घालायची. नवरा हाइन्त्स कुरकुरायचा, "दिवसभर रूळ, आणि घरी आल्यावर पण रूळ? मला चाकं लावून घेऊ का?" ट्रामची नोकरी संपली तेव्हा मैत्रिणींनी तिला एक पितळी घंटा दिली. ती तिने घराखालच्या खांबाला ठोकली. घंटा वाजवल्याशिवाय खण हलवायचा नाही. रुळावर कुणी पोर असलं तर?

हाइन्त्स गेला, गुडघे दुखायला लागले, तशी तेल घालणं राहिलं. खणांत सरपण साचलं. भिंत पडली, दोन्ही जर्मनी एक झाल्या, आणि कोलोनहून हेर ब्रान्डेस आला. घर त्याच्या घराण्याला परत मिळालं होतं.

माणूस वाईट नव्हता, हे इथेच सांगून टाकते. भाडेकरू गारठतात, छप्पर गळतं, सगळे त्याच्याच नावाने खडे फोडतात. खालची जागा बंद केली तर फरशी तरी गरम राहील, हा त्याचा हिशेब. आणि खण तर जागचे हलतसुद्धा नव्हते. जुन्या वास्तू जपणाऱ्या सरकारी खात्यातून एक बाई येऊन पाहून गेल्या. त्या म्हणाल्या, व्हरांड्याला हात लावायचा नाही. पण खाली जे आहे ते नुसतं जुनं लाकूड आणि गंजलेलं लोखंड. चालत असतं तर गोष्ट वेगळी. पुढच्या उन्हाळ्यात परत येते. तोवर काही फरक पडला नसेल तर काढा.

भांडण पेटलं होतं ते यावरून.

साधनाबाईंचा व्हिसा संपला, त्या कऱ्हाडला परतल्या. त्याआधी दोघी म्हाताऱ्यांची ओळख मात्र घट्ट झाली. भाषा नव्हती हे एका परीने बरंच झालं. भाषा असती तर सुनांबद्दल बोलल्या असत्या, आणि फ्राऊ राइनेल्टला सूनच नव्हती. व्हरांड्यात बसायच्या, एक शेंगा सोलायची, एक मोजे विणायची. ही म्हणायची, "अगं, किती थंडी!" ती म्हणायची, "जा, जा." जर्मनमध्ये जा म्हणजे हो. पहिल्या दिवशी साधनाबाई खरंच उठून गेल्या होत्या. ते उर्जा अजून सगळ्यांना सांगते.

त्या हिवाळ्यात फ्राऊ राइनेल्टने काय केलं, ते वीणाने फोनवर सांगितलं होतं, पण अर्धवट. म्हातारी गुडघ्यांना लोकर गुंडाळून घराखाली बसायची. सरपण हलवलं. ट्रामच्या डेपोतून जुन्या ओळखीवर तेल आणलं. एकेक चाक घासलं, ठोकलं, पुन्हा घासलं. मार्चमध्ये पहिला खण वीतभर हलला. मेमध्ये चारही हलले. मग तिने ते साबणाने धुतले, ब्रशने घासले, पुसले, आणि खातेवाल्या बाई यायच्या त्या दिवशी सकाळी घंटा वाजवून चारही खण उन्हात ओढून ठेवले. रिकामे, स्वच्छ, चकचकीत. देवघरातले पाट शोभले असते. आणि ती बेकरीत केक आणायला गेली. सरकारी पाहुण्याला केकशिवाय कसं बसवायचं?

साधनाबाई दोनच दिवसांपूर्वी पुन्हा आल्या होत्या. डोळ्यांतलं हिंदुस्थानचं घड्याळ अजून उतरलं नव्हतं, त्यामुळे भल्या पहाटे जाग यायची. विनय-वीणा कामावर गेले. आज कोण येणार आहे ते आईंना सांगायचं राहूनच गेलं. उर्जाला पिंग्स्टनची, म्हणजे इकडच्या एका सणाची सुट्टी. साधनाबाईंनी व्हरांड्यातून खाली पाहिलं.

ऊन पडलेलं. आणि उन्हात चार मोठ्याथोरल्या, धुतलेल्या, पुसलेल्या, सपाट जागा.

आता तुम्हीच सांगा. मे महिना आहे. कुणीतरी एवढी जागा धुऊन-पुसून उन्हात मांडून ठेवली आहे. कऱ्हाडच काय, अख्ख्या महाराष्ट्रात कुठल्या बाईला याचा दुसरा अर्थ लागेल?

"बघ गं, उर्जा, गेल्या वर्षी मी नुसतं हाताने दाखवलं होतं, पापड्या वाळत घालायला जागा नाही म्हणून. तर लक्षात ठेवलंन् हो म्हातारीने!"

"आजी, आल्झो, म्हणजे, तिला आधी विचारूया?"

"विचारायचं काय त्यात? उगाच कोण एवढं धुतं? आण ते पातेलं."

साबुदाणा रात्रीच भिजवलेला. मोठ्या पातेल्यात शिजवला, जिरं, मीठ, थोडी मिरची. बटाट्यांना तर त्या देशात तोटाच नाही; उकडून त्यांचा कीस पाडला. दोन खणांत साबुदाण्याच्या पापड्या घातल्या, पळीपळीने, गोल गोल. दोन खणांत कीस पसरला. उर्जा एक घालायची आणि एक ओलीच खायची. खरी चव तिचीच असते, त्यामुळे आजीनेही एक खाल्ली.

फ्राऊ राइनेल्ट केकचं खोकं घेऊन फाटकातून आत आली आणि थांबली.

तिने खणांकडे पाहिलं. साधनाबाईंकडे पाहिलं. पुन्हा खणांकडे.

"आख गॉट," ती एवढंच म्हणाली. ते उर्जाने सांगावं लागलं नाही. आपल्याकडे 'अरे देवा' म्हणताना तोंड असंच होतं.

"आवडलं नाही का गं तिला?" साधनाबाईंनी विचारलं. उर्जा बिचारी दोन्हीकडून ऐकत होती आणि तिचा चेहरा लांब लांब होत गेला. "आजी, आज त्या बाई बघायला येणार आहेत. हे चांगलं दिसलं तर ठेवणार. नाही तर तोडणार."

ओल्या पापड्या काही उचलता येत नाहीत. उचलल्या की चिखल. त्या फ्राऊ राइनेल्टचा हात धरायला पुढे झाल्या, तर हात चिकट. पदराला पुसायला गेल्या, तर पदरही चिकट. आणि तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. हेर ब्रान्डेस उतरला. मागून जाड चष्म्याच्या, छत्री घेतलेल्या खातेवाल्या बाई.

हेर ब्रान्डेसने खण पाहिले आणि त्याला हसू आवरेना. "फ्राऊ राइनेल्ट, हे काय? वास्तू दाखवताय की जेवण?"

म्हातारीने केकचं खोकं छातीशी धरलं होतं. हिवाळाभर बसून बसून सुजलेले गुडघे, आणि त्याचं फळ म्हणून हे हसू. साधनाबाईंना वाटलं, आता हिने ओरडावं तरी, चार शिव्या तरी द्याव्यात.

आणि नदीपलीकडून तो ढग आला.

इकडचा पाऊस आपल्यासारखा वाजत-गाजत येत नाही. ऊन असतं, आणि डोकं वर करीपर्यंत पाऊस असतो. पहिला थेंब पापडीवर पडला तो साधनाबाईंनीच पाहिला. मग त्यांना ना जर्मन आठवलं ना सरकारी खातं.

"पाऊस! अहो, पाऊस आला! ढकला, ढकला आत!"

हे कुठल्या माणसाला कळणार नाही? फ्राऊ राइनेल्टने खोकं पायरीवर टाकलं, खांबाशी धावली, आणि तेवढ्या गडबडीतही आधी घंटा वाजवली. टण टण! मग खांदा लावला. पहिला खण घरंगळत आत गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला साधनाबाईंनी लुगडं खोचून हात लावला, तोही गेला. चौथा सगळ्यांत रुंद, कीस काठोकाठ भरलेला. तो अर्ध्यात अडला. चाक रुळाच्या सांध्यावर बसलं. दोघी म्हाताऱ्या ढकलतायत, फ्राऊ राइनेल्टला धाप लागली, खातेवाल्या बाई आपल्या डोक्यावरची छत्री बटाट्याच्या किसावर धरून स्वतः भिजतायत, आणि हेर ब्रान्डेस व्हरांड्याच्या आडोशाला कोरडा उभा.

साधनाबाईंनी वळून पाहिलं. "अहो साहेब! बघत काय उभे राहिलात? लग्न लागतंय का इथं? लावा की हात!"

उर्जाने एवढं सगळं काही सांगितलं नाही. ती ओरडली, "हेर ब्रान्डेस, आजी म्हणते, ढकल!"

काय झालं त्याला कोण जाणे. बाई ओरडली की धावायचं, हे प्रत्येकाला आपापल्या आईने शिकवलेलं असतं. तो चिखलात उतरला. ते चकचकीत बूट घोट्यापर्यंत बुडाले. त्याने खणाला खांदा लावला, एकदा रेटला, दोनदा रेटला, चाकाने उडी घेतली आणि खण सरसर आत गेला. त्याच्या मागोमाग सगळे जण घराच्या पोटात.

बाहेर पाऊस कोसळत होता. आत एक थेंब नाही. तेलाचा आणि उकडलेल्या बटाट्याचा वास. सगळे नुसते धापा टाकत उभे होते.

खातेवाल्या बाईंनी चष्मा पुसला. वर पाहिलं, खाली पाहिलं, एका चाकाला हात लावून पाहिला.

"आल्झो," त्या म्हणाल्या, "चालतंय की."

हेर ब्रान्डेसने तोंड उघडलं.

"तुम्हीच तर चालवलंत," बाई म्हणाल्या.

त्याने तोंड मिटलं आणि बुटांकडे पाहिलं. फ्राऊ राइनेल्टनेही पाहिलं. मग म्हातारी अशी हसायला लागली, की तिला खणाच्या कडेला बसावं लागलं. "आता," ती म्हणाली, "आता कुठं तुझे बूट या घरातले दिसतात!"

मग वर व्हरांड्यात केक झाला. खोकं आपटल्याने तो जरा चेपला होता. साधनाबाईंनी कऱ्हाडहून आणलेल्या वाळक्या पापड्या तळल्या, म्हणजे खाली कशाचा गोंधळ चालला होता ते पाहुण्यांना कळावं. कढईत टाकली की चौपट फुलते, ते पाहायला खातेवाल्या बाई स्वयंपाकघरात येऊन उभ्या राहिल्या. हेर ब्रान्डेसने कोरडे मोजे मागून घेतले, विनयचे, आणि पाच पापड्या खाल्ल्या.

तेव्हाच फ्राऊ राइनेल्टने ते सांगितलं, उर्जाच्या तोंडून. म्हातारा मालक सांगायचा, त्रिनिदादला ढग दिसला की तो व्हरांड्यातून ओरडायचा, आणि मळ्यातले मजूर धावत येऊन खण ढकलायचे. हिंदुस्थानातून करारावर नेलेले मजूर. बायाही असायच्या, लुगडी खोचलेल्या.

साधनाबाईंच्या हातातला झारा जरा थांबला. कोको मालकाचा, छप्पर मालकाचं, आणि पावसात धावायला आपली माणसं. परत आली असतील का ती घरी? कुणाची कोण. मग त्यांनी विनयच्या मोज्यांत बसलेल्या हेर ब्रान्डेसकडे पाहिलं. आज पापड्या आपल्या होत्या आणि चिखलात धावला तो मालक. तेवढं तरी उलटं झालं. पण हे त्यांनी उर्जाला सांगायला लावलं नाही. खाणारा ताटावर बसला असताना असलं बोलू नये. फक्त त्याला सहावी पापडी वाढली.

खण राहिले. गराज रस्त्याकडेला झालं. छपराखालची भोकं काचा लावून नीट बंद केली, तेव्हा आतून तीन पिढ्यांचे स्वेटर निघाले. आणि हेर ब्रान्डेस दर उन्हाळ्यात कोलोनहून येताना गाडीत जुने बूट ठेवायला लागला.

साधनाबाई दर मेमध्ये येत राहिल्या. चढावरच्या बायकांना खणांची बातमी लागली. कुणी सफरचंदं आणली, कुणी पुदिना, विनयच्या ऑफिसातल्या नीताने सांडगे घातले. फ्राऊ राइनेल्ट ट्रामसारखी जागा वाटून द्यायची. पुदिना पहिल्या खणात, मसालेदार काय ते शेवटच्या, कारण सफरचंदाला लसणाचा वास लागला म्हणून एकदा मोठी कटकट झाली होती. आणि खणांत काही असो नसो, ऊन कललं की ते आत गेलेच पाहिजेत. "रिकामी ट्रामसुद्धा रात्री डेपोत जाते," ती म्हणायची.

चारेक वर्षं अशी छान गेली. मग एका सप्टेंबरात, साधनाबाईंचं परतीचं सामान बांधून झालेलं असताना, एका सकाळी फ्राऊ राइनेल्टने दार उघडलं नाही. झोपेतच गेली. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नाही. साधनाबाई म्हणाल्या, ते मला कालच दिसलं होतं.

आदल्या संध्याकाळी त्या व्हरांड्यात बसून लसूण सोलत होत्या. खाली खणांत सफरचंदाच्या चकत्या, कडा तांबूस झालेल्या. ऊन नदीपलीकडे गेलं तशी फ्राऊ राइनेल्ट एप्रन बांधत बाहेर आली. एक चकती उचलून चावून पाहिली, दुसरी वर साधनाबाईंकडे फेकली. ती नेमकी लसणात पडली. "जा?" तिने विचारलं. "जा, जा," साधनाबाईंनी सांगितलं. मग तिने रुळांवर इकडून तिकडे नजर फिरवली, कुणाचं पोर तर नाही ना, घंटा वाजवली, आणि एकेक खण आत ढकलला. शेवटच्याच्या चाकाला लाकडी खुंटी लावली. हात पुसले, फडकं खिळ्याला अडकवलं, आणि आत गेली.